त्या बाकावर कोण बसणार?

नाताळच्या तालमींचे दिवस आलेत. चर्चमधली लहान मुलं ज्यांच्या हवाली असतात, त्या ताई-दादांशी जरा स्पष्ट बोलायला हवं.

नोव्हेंबर लागला की पुण्यातल्या चर्चमध्ये मुलांची वर्दळ वाढते. नाताळच्या नाटकाच्या तालमी, कॅरलची प्रॅक्टिस, गोठा सजवायची तयारी, संडे स्कूलच्या बक्षिसांच्या याद्या. नाना पेठ असो, गुरुवार पेठ असो, कॅम्प, वानवडी, खडकी, दापोडी की येरवडा, चित्र साधारण सारखंच. संध्याकाळी आई किंवा बाबा टू-व्हीलरवरून मुलाला गेटवर सोडतात, ‘आठला येते हं’ म्हणतात आणि निश्चिंत मनाने निघून जातात.

ही पोरं मग सांभाळतं कोण? पाळकसाहेबांना आणि फादरना शंभर कामं असतात. मुलांना सांभाळतात ते विशी-बाविशीतले ताई आणि दादा. कुणी कॉलेज करून येतं, कुणी हिंजवडीहून थेट बॅग पाठीला लावून. पगार नाही, मानधन नाही. मनापासून करतात. मेंढपाळाच्या डोक्याला टॉवेल कसा बांधायचा इथपासून ते कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे इथपर्यंत सगळं त्यांना माहीत असतं. त्यामुळे चर्चमधल्या मुलांच्या सुरक्षेबद्दल बोलायचं तर आधी यांच्याशीच बोलायला हवं. बिशपांच्या परिपत्रकाआधी मुलाच्या जवळ पोहोचतात ते हेच.

आज १४ नोव्हेंबरच्या आसपास सगळीकडे बालदिनाचे फोटो असतील. पण याच तारखेला, २०१२ साली, पोक्सो कायदा देशात लागू झाला. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा. या कायद्यात तुमच्या-आमच्यासाठी एक ओळ आहे, ती बहुतेक ताई-दादांना ठाऊकच नसते. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होऊ शकतो अशी धास्ती वाटली, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. प्रत्येकावर म्हणजे अगदी प्रत्येकावर. कमिटीवर, पाळकांवर, सिस्टरवर आणि कॅरलची पेटी वाजवणाऱ्या दादावरसुद्धा. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

माझं म्हणणं सरळ आहे. मूल काही बोललं तर ती गोष्ट आधी चर्चबाहेर, पोलिसांकडे किंवा १०९८ वर जायला हवी. चर्चमधली बैठक नंतर. आणि जे कुटुंब बोललं, त्याच्या बाजूला आपण दिसेल असं उभं राहायला हवं. यातलं दुसरं पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. ते का, हे मुंबईतल्या एका प्रकरणातून कळतं.

‘घरातलं घरात’

गोवंडीचं शिवाजीनगर. तिथल्या चर्चमधल्या एका फादरविरुद्ध २०१५ मध्ये तक्रार झाली. तेरा वर्षांच्या मुलावर लैंगिक अत्याचार केल्याची. अटक झाली, खटला उभा राहिला, तारखा पडत राहिल्या. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष पोक्सो न्यायालयाने त्या फादरला दोषी ठरवलं आणि जन्मठेप सुनावली. तक्रारीपासून निकालापर्यंत सहा वर्षं. तेरा वर्षांचा मुलगा तोवर एकोणीस वर्षांचा झाला होता.

या मधल्या काळात, २०१९ मध्ये, मुलाची आई बीबीसीशी बोलली. तिने सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पोलिसांकडे गेल्यानंतर चर्चमधली माणसं या कुटुंबाशी बोलेनाशी झाली. मिस्साच्या वेळी कुणी शेजारी बसेना. ती कुणाच्या शेजारी जाऊन बसली, तर ते माणूस उठून दुसरीकडे जायचं.

विचार करा. अत्याचाराचा आरोप एका माणसावर होता. पण बाकावरून उठून गेली ती साधी, रोजची, चांगली माणसं. कुणाच्या लेकराच्या बाप्तिस्म्याला गेलेली, कुणाच्या घरी नाताळचा फराळ पाठवणारी. त्यांनी कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. ते फक्त उठले. आणि तेवढ्याने त्या चर्चमधल्या प्रत्येक मुलाला कळलं, की इथे तोंड उघडलं तर आपल्या आईच्या शेजारी कुणी बसणार नाही.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे पुण्याला वेगळं शिकवायला नको. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला, म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवरही ग्रामण्य आलं होतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. बाकावरून उठून जाणं त्या कायद्यात बसतं का, ते वकील बघतील. पण त्या आईला काय वाटलं असेल, हे समजायला वकील लागत नाही.

आणि हे ‘घरातलं घरात’ फक्त चर्चमध्ये चालतं असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला हे माहीत असूनही त्याने कळवलं नाही, असा आरोप ठेवला गेला. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. म्हणजे ‘मी काही केलं नाही, मला फक्त माहीत होतं’ ही आता सबब होऊ शकत नाही.

‘आधीच आपण थोडे’

आता चर्चमधल्या तरुणांशी बोललं की एक वाक्य हमखास येतं. ‘आधीच आपण थोडे. आधीच आपल्याकडे संशयाने बघतात. त्यात हे बाहेर गेलं तर?’

ही भीती खोटी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. प्रार्थनासभेवर कुणी चाल करून आलं, धर्मांतराचा आरोप झाला, अशा बातम्या येत असतात. छोट्या समाजाला आपल्या नावाची जास्त काळजी असते, आणि ती असणारच. एका फादरचं नाव पेपरात आलं की वर्गात, ऑफिसात टोमणे कुणाला ऐकावे लागतात? ज्याचा काही संबंध नाही अशा एखाद्या गायकवाडला किंवा डिसोझाला.

पण या भीतीचा हिशेब एकदा नीट मांडू. गप्प बसून चर्चचं नाव वाचलं, असं जगात कुठे झालंय? अमेरिकेत बॉस्टन ग्लोब या दैनिकाच्या पत्रकारांनी २००२ मध्ये दडवलेली प्रकरणं बाहेर काढली, तेव्हा लोकांना धक्का बसला तो फक्त अत्याचारांचा नव्हता. तक्रार आली की फादरची बदली, नवीन चर्च, नवीन मुलं, हे वर्षानुवर्षं चाललं होतं याचा तो धक्का होता. ‘स्पॉटलाइट’ हा सिनेमा त्यावरच आहे. पाहिला नसेल तर जरूर पाहा.

दुसरं उदाहरण ताई-दादांनी जास्त लक्ष देऊन वाचावं, कारण ते तरुणांच्या कॅम्पचंच आहे. इंग्लंडमध्ये जॉन स्माइथ नावाचा एक नामांकित वकील मुलांसाठी ख्रिस्ती सुट्टी-शिबिरं चालवायचा. तिथे ओळख झालेल्या मुलांना तो आपल्या घराच्या बागेतल्या शेडमध्ये नेऊन रक्त येईपर्यंत छडीने मारायचा, आणि याला आध्यात्मिक शिस्त म्हणायचा. १९८२ मध्ये काही धर्मगुरूंनी याचा अंतर्गत अहवाल तयार केला. पोलिसांना मात्र कळवलं नाही. प्रभूच्या कामाचं नुकसान होईल, हा विचार. स्माइथ १९८४ मध्ये झिम्बाब्वेला गेला आणि तिथेही शिबिरं भरवू लागला. १९९२ मध्ये त्याच्या शिबिरात सोळा वर्षांचा एक मुलगा पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. २०१८ मध्ये स्माइथ मेला, एकाही प्रकरणात शिक्षा न होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये या सगळ्याचा चौकशी अहवाल आला आणि चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पद सोडावं लागलं.

बेचाळीस वर्षं. एक फोन १९८२ मध्ये पोलिसांना गेला असता, तर किती मुलं वाचली असती? आणि चर्चचं नावही किती वाचलं असतं? ज्यांना चर्चची अब्रू खरोखर प्यारी आहे, त्यांनी तर सगळ्यात आधी फोन उचलायला हवा. गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करणाऱ्या चर्चबद्दल लोक वाईट बोलत नाहीत. दडवणाऱ्याबद्दल बोलतात.

अठराव्या अध्यायात दोन्ही आहे

मग दुसरा मुद्दा येतो, क्षमेचा. ‘त्याने माफी मागितली ना? मग आपण ख्रिस्ती माणसांनी क्षमा करायला नको?’ हे वाक्य बहुतेक वेळा मोठी माणसं बोलतात आणि तरुण गप्प होतात, कारण याला उत्तर काय द्यायचं ते सुचत नाही.

संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्यांनी मत्तयचा अठरावा अध्याय पुन्हा काढून बघावा. कितीदा क्षमा करायची, तो प्रसिद्ध सवाल त्यातच आहे. भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याच्याशी बोल, हेही त्यातच आहे. बैठकीत याच दोन गोष्टी काढल्या जातात. पण या दोन्हींच्या आधी, त्याच अध्यायात, लहानग्यांना अडखळवणाऱ्याबद्दल येशूने जात्याच्या दगडाचा जो दाखला दिलाय, तो बैठकीत कुणी वाचत नाही. चार शुभवर्तमानांत इतकं कडक बोलणं फार थोड्या ठिकाणी आहे.

आणि क्षमा करायची कुणी? ज्याच्यावर अन्याय झाला त्याने. दहा वर्षांच्या मुलीच्या वतीने कमिटीतल्या आठ काकांनी क्षमा करून टाकायची, हे कुठल्या धर्मात बसतं? क्षमा ही मनाची गोष्ट आहे, ती त्या मुलीला वाटेल तेव्हा, वाटली तर ती करेल. खटला ही कायद्याची गोष्ट आहे. एक केली म्हणून दुसरी टळत नाही. चोराला माफ केलं म्हणून कुणी त्याच्या हातात पुन्हा दानपेटीची किल्ली देत नाही. मग मुलांच्या बाबतीतच एवढी उदारता कशाला?

चर्चच्या वरच्या पातळीवरही आता नियम झालेत. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये जगभरच्या धर्मगुरूंना आणि सिस्टरना तक्रार वर कळवणं बंधनकारक केलं, आणि त्या त्या देशाचा कायदा पाळण्यात याने अडथळा येणार नाही, असंही त्यात लिहिलं. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही अशा तक्रारींसाठी नियमावली केली आहे. कागद आहे. पण नाताळच्या तालमीच्या खोलीत तो कागद येत नाही. तिथे तुम्ही असता.

बाकी ‘ही बाल-सुरक्षा वगैरे परदेशी फॅडं आहेत’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण करून द्या. त्यांचं शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आलं. पुढे दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना आणि बायकांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. घर ज्यांना सुरक्षित नव्हतं, त्यांना दार उघडणं ही इथल्या ख्रिस्ती समाजाची कमाई आहे. आता प्रश्न एवढाच, की त्या दाराच्या आत मूल सुरक्षित आहे का.

तालमीचे नियम

आता कामाचं बोलू. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांत १२ हजार ४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक छळाला तोंड द्यावं लागल्याचं सांगितलं. मुलगे त्यात मागे नव्हते. आणि छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते. म्हणजे अंधारातला अनोळखी माणूस शोधून उपयोग नाही. नियम लागतात ते ओळखीच्या, आवडत्या, विश्वासातल्या माणसांसाठी. म्हणजे आपल्यासाठीच.

नियम फार अवघड नाहीत. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबायचं नाही, कायम दोन मोठे. दार उघडं, किंवा काचेचं. वेशभूषा बदलायला मुलींसोबत ताई, मुलांसोबत दोघं. तालीम संपल्यावर कोण कुणाबरोबर घरी गेलं, याची वही. ‘मी सोडतो ना, माझ्या वाटेवरच आहे’ म्हणून एकट्या मुलाला गाडीवर नेणं बंद. कॅरल राउंड रात्री उशिरापर्यंत चालतात, तेव्हा कुठलं मूल कुणाच्या जबाबदारीवर आहे हे निघतानाच ठरवायचं. मुलांशी मेसेजवर खासगी गप्पा नाहीत. ग्रुप असेल तर त्यात आई-वडीलही हवेत. मुक्कामाचं शिबिर असेल तर मोठ्यांची झोपायची सोय वेगळी. आणि मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय स्टेटसला नाहीत.

त्याशिवाय, पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या माणसांची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यायची असते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणाऱ्या शहरात, मुलांना शिकवणाऱ्याची चारित्र्य पडताळणी करायला लाज कसली?

‘म्हणजे आमच्यावर संशय घेताय का?’ असं कुणीतरी चिडून विचारणारच. हेल्मेटवर इतकी वर्षं वाद घालणाऱ्या पुण्यात नियम गळी उतरवणं सोपं नाही, हे मान्य. पण हे नियम चांगल्या दादालाही वाचवतात. दार उघडं असेल, दुसरी ताई हजर असेल, तर उद्या कुणी भलतंसलतं बोललं तरी तुमच्याकडे साक्षीदार आहे. आणि ज्याला वाईट करायचंय त्याला बंद दार लागतं, एकांत लागतो, ‘हे आपल्या दोघांचं सीक्रेट’ लागतं. नियमांना सगळ्यात जास्त विरोध कोण करतंय, त्याच्याकडे जरा लक्ष ठेवा, एवढंच सांगते.

एखाद्या मुलालाच सारख्या भेटवस्तू, त्यालाच वेगळं थांबवून घेणं, ‘तुझ्या घरच्यांना तू कळत नाहीस, मला कळतोस’ असली वाक्यं, घाणेरडे विनोद, मोबाइलवर काहीतरी दाखवणं, चुकून झाल्यासारखा स्पर्श. प्रकरण बहुतेक वेळा इथून सुरू होतं. आणि अश्लील काही दाखवणं, लैंगिक हेतूने मेसेज करत राहणं हेसुद्धा पोक्सोत गुन्हा आहे. हा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. तेव्हा ‘मुलगाच तर आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य कायमचं बाद करा. गोवंडीतलं मूल मुलगाच होतं.

मूल बोललं तर

मूल कधीच सरळ बोलत नाही. ‘मला त्या अंकलकडे पाठवू नका’ म्हणेल. तालमीला यायचं बंद करेल. पोटात दुखतं म्हणेल. आणि सांगायचंच ठरवलं, तर ते बहुतेकदा पाळकसाहेबांकडे जाणार नाही. ज्या ताईच्या शेजारी बसून ते चिक्की खातं, त्या ताईला सांगेल. ती ताई तुम्ही असू शकता.

तेव्हा फार काही करायचं नाही. ऐकायचं. घाबरलेला चेहरा करायचा नाही. ‘बरं झालं सांगितलंस, तुझी काहीच चूक नाही’ एवढं म्हणायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही, आणि मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा मोडेल. उलटतपासणी नको. पुन्हा पुन्हा वदवून घेणं नको. मूल ज्या शब्दांत बोललं, त्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा. आई-वडिलांना सांगा, संशय घरातल्याच माणसावर असेल तर थेट पुढची पायरी. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास मोफत असते. ११२ आहे. जवळचं पोलीस ठाणं आहे. पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाऊन जाब विचारू नका, तो पुरावे नाहीसे करेल. आणि कमिटीची बैठक बोलावून ‘आधी शहानिशा करू’ यात दिवस घालवू नका. शहानिशा करणं पोलिसांचं काम. खरं-खोटं ठरवणं न्यायालयाचं. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसासाठी शिक्षाही त्याच कायद्यात आहे. तुमच्या वाट्याला येतं ते फक्त कळवणं.

पोलिसांची भीती वाटते, तेही समजू शकतं. पण मुलाला चौकीत बसवून ठेवायचं नसतं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. विश्वासातलं माणूस सोबत बसू शकतं. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता माध्यमांत देता येत नाही. म्हणून चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा’ असा मेसेजही टाकू नका. प्रार्थना करायला नाव लागत नाही.

आणि हे वाचताना कुणाला स्वतःचंच काही जुनं आठवत असेल, तर वेळ गेली असं समजू नका. बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार मोठेपणीही करता येते, हे केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

बाकीच्यांनी हात झटकू नयेत

जे ख्रिस्ती नाहीत आणि ‘बघा, त्यांच्यात हे असंच असतं’ म्हणत इथपर्यंत आलेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. आसारामला २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, ती त्याच्याच संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचारासाठी. बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले, ते एका शाळेतल्या बालवाडीच्या दोन मुलींसाठी. तिथेही वेळेत न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवर गुन्हा दाखल झाला. चर्च असो, आश्रम असो, मदरसा, कराटे क्लास की ढोल-ताशा पथक. जिथे मुलं असतात, मोठ्या माणसाचा शब्द अंतिम असतो आणि संस्थेचं नाव मोठं असतं, तिथे धोका आहे. पोक्सोमध्ये धार्मिक संस्थेतल्या माणसाने केलेला गुन्हा जास्त गंभीर मानला आहे. कुठल्या धर्माची संस्था, हे त्यात लिहिलेलं नाही.

दुसऱ्याच्या चर्चकडे बोट दाखवणाऱ्याने आपल्या पथकाच्या सरावाला रात्री साडेदहाला मुली घरी कशा जातात, तेही बघावं.

आता राहतं ते बाक. कायदा आईला पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकतो, न्यायालयापर्यंत नेऊ शकतो. रविवारी सकाळी उपासनेला तिच्या शेजारी बसायला कायदा येत नाही. तिथे माणूसच लागतो. मोठी माणसं कदाचित लगेच येणार नाहीत. त्यांचे फादरशी वीस-वीस वर्षांचे संबंध असतात, कमिटीत जागा असते, मुलांच्या अ‍ॅडमिशन असतात. तुमचं अजून तेवढं काही अडकलेलं नाही. तरुण असण्याचा हा एक फायदा आहे, तो वापरा.

एखादं कुटुंब बोललं, तक्रार झाली, चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली, की पुढच्या रविवारी तुमच्या ग्रुपमधल्या चौघा-पाचांनी लवकर जा आणि त्यांच्या बाकावर जाऊन बसा. काही बोलायची गरज नाही. गीतांचं पुस्तक पुढे करा. उपासना संपली की त्यांच्यासोबत गेटपर्यंत चाला, चहा घ्या. मागच्या बाकावरून कुणीतरी बघत असेल. एखादी आजी नाक मुरडेल. आणि कदाचित कोपऱ्यात बसलेलं दुसरं एखादं मूलही बघत असेल, ज्याने अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.